समेटाच्या कागदावर सही करण्याआधी

तुमच्या सेटरचं (मशीन लावून देणाऱ्याचं) आणि क्वालिटी इन्स्पेक्टरचं बोलणं बंद आहे, निरोप तुमच्यामार्फत जातात, आणि एचआर शुक्रवारी दोघांना समोरासमोर बसवून 'मिटवणार' आहे, हे वाचलं. चाकणला लाइन सुपरवायझर असताना मी हेच पाहिलंय, म्हणून लिहितोय.

त्या बैठकीत कागद पुढे येणार आहे का, ते आजच विचारा. आमच्याकडे दोघांना केबिनमध्ये बसवलं. वाद कशावरून, कधीपासून, कुणी विचारलंसुद्धा नाही. चहा झाला, हात मिळवायला लावले आणि आधीच टाइप करून ठेवलेल्या कागदावर सह्या घेतल्या: आमच्यात कोणताही वाद नाही. एचआरची फाइल बंद, लाइनवरचं भांडण तसंच. पुढे त्या इन्स्पेक्टरला भर शिफ्टमध्ये शिवीगाळ झाली. त्याने लेखी तक्रार दिली, तर तोच कागद काढून त्याला ऐकवलं, 'तुम्हीच लिहून दिलंय ना?' नेकीने काम करणारा मुलगा नोकरी सोडून गेला. मला याचा अजूनही संताप येतो. माणसं सांभाळण्याचा पगार घेणाऱ्यांनी असं वागावं?

तुम्ही 'दोघांचे स्वभाव जुळत नाहीत' असं लिहिलंय. मला तसं वाटत नाही. सेटरला नग मोजून विचारतात, इन्स्पेक्टरला ग्राहकाकडून परत आलेल्या मालावरून. शिफ्ट सुटताना होल्डचा, म्हणजे तपासणीत माल अडवल्याचा, टॅग लागलेली ट्रॉली उभी असते आणि तिचं रीवर्क, म्हणजे दुरुस्ती, कुणाच्या वेळेत धरायचं हे कुणीच ठरवलेलं नसतं. अशा जागी दुसरी दोन माणसं आणा, तीही भांडतील. होल्ड कोण लावणार, कोण काढणार, रीवर्क कुठल्या शिफ्टच्या खात्यात, हे प्लांट हेडकडून लेखी घ्या. बर (कडेला राहिलेली धातूची कोर) किंवा ओरखडा किती चालेल हे दाखवणारा नमुना नग, म्हणजे लिमिट सॅम्पल, दोन्ही खात्यांच्या सहीने लाइनवर ठेवा. आमच्याकडे हे झालं तेव्हा रोजची निम्मी वादावादी थांबली, पण तो मुलगा गेल्यानंतर.

गुरुवारची सुट्टी मधे आहे, त्या दिवशी दोघांना वेगवेगळं भेटा. कंपनीच्या बसमध्ये मात्र हा विषय काढू नका. निगडी येईपर्यंत सगळ्या लाइनला कळलेलं असतं.

मी वकील नाही, तेव्हा पुढचं खात्री करून घ्या. औद्योगिक संबंध संहिता 2020 प्रमाणे 20 किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती हवी. तिच्यात मालक आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात आणि तक्रार एका वर्षाच्या आत द्यायची असते. तुमच्या सेटरला ही वाट आहे. ठरावीक पगाराच्या वरच्या सुपरवायझरला नाही, त्यामुळे स्वतःचं आधी बघा. आणि प्रकरणात लैंगिक छळाचा भाग असेल तर समेटाच्या बैठकीला जाऊच नका. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याची अंतर्गत समिती वेगळी असते, तिथे साधारण तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते.

शुक्रवारी कागद आलाच, तर दोघांना सांगून ठेवा: सहीच्या वर स्वतःच्या हाताने 'पुढील मुद्दे अजून बाकी आहेत' असं लिहून मुद्दे मांडायचे, तारीख टाकायची आणि प्रत घेतल्याशिवाय केबिन सोडायची नाही. प्रत देत नसतील तर सही नको. त्याच संध्याकाळी बैठकीत काय झालं ते एचआरला मेलने कळवा आणि प्लांट हेडला प्रत ठेवा.