सांगलीत बालवाडीच्या 20 मुलांसाठी मैत्रीवर गोष्टींचा तास घ्यायचा आहे, कसा आखू?

एकच गोष्ट घ्या आणि सांगणं 7-8 मिनिटांत आटपा. उरलेला वेळ मुलांच्या हातांना काम द्या. 3-4 वर्षांची पोरं त्यापुढे चुळबुळतात, बालवाडीत शिकवताना रोज बघते मी. पंचतंत्रातली जाळ्यात सापडलेल्या कबुतरांची गोष्ट हमखास चालते: सगळी मिळून जाळ्यासकट उडतात, मग मित्र उंदीर जाळं कुरतडतो, आणि कबुतरांचा राजा म्हणतो, ‘आधी माझ्या सोबत्यांना सोडव.’ इथं थांबा. जुनी साडी पसरा, कडा मुलांच्या मुठीत द्या, मधे चेंडू ठेवा. एकानंच हिसका दिला की चेंडू घरंगळतो. ‘एक, दोन, तीन’ म्हणत सगळ्यांनी उचलली की टुणकन उडतो. ‘मैत्री म्हणजे काय?’ असलं काही विचारू नका, ‘उंदीर आलाच नसता तर?’ विचारा. शेवटी खाऊ वाटून खायचा. आपला हात आधी भडंगाकडे जाणार, पण ते नको. तिखट असतंच, शिवाय या वयात शेंगदाणा घशात अडकू शकतो. केळ्याच्या फोडी बऱ्या. मात्र एखादं नवं मूल साडी धरायला तयार नसेल तर ओढू नका, कडेला बसून बघू दे.