‘बास’ म्हणायला शिक

प्रिय पोरी,

सिंबाने भाच्याला दात लावला म्हणून त्याला फार्महाऊसवर धाडायचं, हे आधी डोक्यातून काढ. दादाच्या मित्राची कर्जतला जागा आहे, तिथे सिंबाला ‘मोकळं’ वाटेल, हे ऐकायला छान आहे. तिथे मेंढ्या आहेत का? नाहीत. आंब्याची कलमं आहेत आणि एक राखणदार आहे. सिंबा त्याच्या कोंबड्या गोळा करून एका कोपऱ्यात दाबून धरेल आणि पहिल्याच आठवड्यात राखणदार त्याला पंपाच्या खोलीशी साखळीने बांधेल. सिंबा बॉर्डर कॉली, मेंढ्या वळणाऱ्या जातीचा. त्याला जागेपेक्षा माणूस जास्त लागतो. हे तुलाही माहीत आहे, नाहीतर रात्री साडेअकराला एवढा लांबलचक मेसेज मला कशाला केला असतास?

वहिनी रडली, दादा चिडला, आई काहीच बोलत नाही, हे सगळं वाचलं. आई बोलत नाही हे जास्त वाईट, तिला मी ऑफिसात असल्यापासून ओळखते. पण त्या मेसेजमधलं एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. ‘मावशी, रोज तासभर बॉल खेळते, तरी हा दमतच नाही.’ गोम इथेच आहे. तू त्याला दमवायला निघाली आहेस. हे कुत्रं दमून शांत होत नसतं बाई. काम संपलं, हे त्याला कळावं लागतं. मला तुला एवढंच सांगायचं आहे. पुढचं वाचायचा कंटाळा आला तर इथे थांबलीस तरी चालेल.

दाताचं आधी बोलते. सिंबा रागावलेला नव्हता, पण म्हणून ते माफ होत नाही. लांडग्याची शिकार पायरीपायरीने चालते. रोखून बघायचं, दबा धरून सरकायचं, पाठलाग करायचा, पकडायचं आणि मग मारायचं. मेंढपाळांनी पिढ्यानपिढ्या कुत्री निवडत पहिल्या तीन पायऱ्यांना धार लावली आणि पुढच्या दोन बोथट केल्या. बोथट म्हणजे नाहीशा नव्हेत. अडून बसलेल्या गुराच्या टाचेला चिमटा काढणारी कुत्री तर मुद्दाम तयार केली गेली. तुझा भाचा सायकल घेऊन हॉलमधून बाल्कनीकडे सुटतो तेव्हा सिंबाच्या लेखी कळपातलं एक पिल्लू फुटलेलं असतं. ते तो परत आणायला जातो. म्हणून पोराची चाकं फिरत असतील तेव्हा सिंबा पट्ट्यात, नाहीतर बंद दाराआड. दोघांना मोठ्या माणसाशिवाय एका खोलीत सोडायचं नाही. यावर मी वाद घालणार नाही. कातडी जराही फुटली असेल तर साबण लावून वाहत्या नळाखाली 15 मिनिटं धुवायचं आणि डॉक्टरकडे जायचं, सिंबाची रेबीजची लस झालेली असली तरीही. ‘नुसतं लाल झालं’ असं लिहिलंयस. नीट उजेडात बघितलंस ना?

आणि त्या ट्रेनरने सुचवलेला करंटचा पट्टा घरात आणू नकोस. पोर जवळ आलं की झटका बसतो, एवढंच सिंबा त्यातून शिकेल. मग तो खरा चावेल.

आता बॉल. गणपतीत तुमच्याकडे आले होते तेव्हा खाली कट्ट्यावर बसून बघत होते मी. तू बॉल फेकतेस, तो आणतो, तुझ्या चपलेच्या टोकाशी ठेवतो आणि दोन पावलं मागे सरकून पोट जमिनीला लावतो. नजर बॉलवर असते, तुझ्यावर नसतेच. तू फोनवर बोलत बोलत पायाने ढकलतेस. पुन्हा तेच. शेवटी तुला कंटाळा येतो, बॉल खिशात जातो आणि दोघं लिफ्टकडे निघता. लिफ्टमध्ये त्याची नजर तुझ्या खिशावर. घरात शिरला की तीच नजर पंख्याच्या सावलीवर, मग वॉशिंग मशीनच्या गोल काचेवर, मग पोराच्या चाकांवर. त्याचं काम चालूच आहे. संपलं असं त्याला कोणी सांगितलंय?

रोज तासभर धावून त्याचा दम तेवढा वाढतोय. आज एका तासावर भागतंय, दिवाळीपर्यंत दोन लागतील. त्यातून ही मुंबई. कुत्रं धापा टाकतं, जिभेवरचा ओलावा उडतो आणि अंग गार होतं. आपल्या दमट हवेत तो उडायला मागत नाही. ऑक्टोबरचं ऊन आणि समोर बॉल असला की सिंबा पाय लटपटेपर्यंत पळेल. थांबवायचं तुझ्या हातात आहे, त्याच्या नाही.

ही जात जिथली, त्या इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगरांत 1893 साली ओल्ड हेम्प नावाचं कुत्रं जन्मलं. नॉर्थम्बरलँडच्या ॲडम टेल्फर यांचं. आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींच्या वंशावळीत ते सापडतं. त्याचं नाव झालं ते शांतपणामुळे, आरडाओरडा न करता मेंढ्या हलवायच्या हातोटीमुळे. तिकडे या कुत्र्यांच्या स्पर्धा भरतात, वेल्समधल्या बाला गावी 1873 साली भरली होती तेव्हापासून. कुत्रं लांब वळसा घेऊन मेंढ्यांच्या मागे जातं, त्यांना आणतं, फिरवतं, वाड्यात घालतं. फाटक बंद होतं. मेंढपाळ ‘दॅट विल डू’, म्हणजे आपलं ‘बास’, म्हणतो आणि कुत्रं मेंढ्यांकडे पाठ करून त्याच्या पायाशी येतं. एवढं मोठं काम आणि त्याला शेवट आहे. उरलेला दिवस ते काय करतं? झोपतं! आपल्या धनगरांची कुत्री बघ. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन देशावरचे धनगर कोकणात उतरतात, तेव्हा रस्त्याने दिसतात. ती मेंढरं वळत नाहीत, राखतात. त्यांचं काम रात्रीचं. दिवसा घोड्याच्या सावलीत आडवी पसरलेली असतात. त्यांना कोणी बॉल टाकत नाही.

आमची राणी अल्सेशियन होती. तेही मेंढपाळाचंच कुत्रं, पण आमच्या चाळीत कोणाला पटायचं नाही, सगळ्यांना ते पोलिसांचं वाटायचं. घोडदळातून निवृत्त झालेल्या मॅक्स फॉन श्टेफानिट्स यांनी 1899 मध्ये ही जात नोंदवायला सुरुवात केली, ती मेंढ्यांवरच्या कुत्र्यांमधूनच. तिकडे जर्मनीत कुंपण नसलेल्या शेतांमधल्या पट्ट्यात मेंढ्या चरायच्या, आणि त्या शेजारच्या पिकात शिरू नयेत म्हणून कुत्रं कडेकडेने येरझाऱ्या घालायचं. राणीने दादरच्या आमच्या चाळीतली सामाईक गॅलरी हाच आपला बांध ठरवला. संध्याकाळी नळाला पाणी आलं, बायका बादल्या घेऊन निघाल्या, पोरं जिन्यावरून धावत आली की हिची फेरी सुरू. जाताना कठड्याला अंग घासून जायची, येताना भिंतीच्या बाजूने. कठड्याच्या लाकडावर तिच्या खांद्याच्या उंचीला या टोकापासून त्या टोकापर्यंत काळपट, तेलकट पट्टा उमटला होता. रंगारी आला तेव्हा बोटाने खरवडून त्याने विचारलं, ‘बाई, हे काय सांडलंय?’

ती येरझार मी बंद केली नाही. तिला वेळ लावून दिली. पाणी आलं की सुरू, पाणी गेलं की ‘बास’, आणि दारातल्या गोणपाटावर. उठली की न बोलता परत गोणपाटावर. पुन्हा उठली, पुन्हा. मी तांदूळ निवडत बाजूला बसायचे. शेजारणी म्हणायच्या, केवढी निष्ठुर बाई आहे, मुक्या जिवाला जरा मोकळं सोडत नाही. म्हणोत. एका खोलीत, पाच माणसांत, राणी म्हातारी होऊन गेली आणि चाळीतल्या एकाही पोराला तिचा दात लागला नाही. मोकळी सोडली असती तर ती दिवसभर कामावर राहिली असती. असं कुत्रं एक ना एक दिवस कोणाला तरी धरतंच.

सासरी अजून बोललं जातं की मी कुत्र्यापायी नागपूरची बढती सोडली. खोटं आहे. बढती सोडायला माझी दुसरी कारणं होती, राणीचं सांगायला सोपं होतं. आणि समजा, तिच्यापायीच सोडली असती तर? घेतलेलं काम मी पुरं केलं, त्यात लाज कसली? मुलगा म्हणतो, राणीला जेवढ्या शांतपणे शिकवलंस तेवढं मला नाही शिकवलंस. त्यावर मात्र मी काही बोलत नाही. एक हौस राहिली. तिला एकदा धनगरांचा वाडा दाखवायचा होता. दरवर्षी जुन्नरकडे जाऊ म्हणायचो आणि काहीतरी निघायचं. राहिलं ते बरंच झालं म्हणा, न शिकवलेलं अल्सेशियन परक्याच्या मेंढरांत नेलं असतं तर धनगराने काठीच काढली असती. तरी राहिलं ते राहिलंच.

असो. तू काय करायचंस ते सांगते. बॉल माळ्यावर टाक. त्याला लहान कामं दे, ज्यांना सुरुवात आणि शेवट दोन्ही आहेत. हॉलमध्ये डबे उपडे घालून एकाखाली उकडलेलं चिकन ठेव आणि शोधायला लाव. बाबांचा पेपर दारातून आणू दे. वस्तूंची नावं शिकव. ही कुत्री त्यात फार हुशार. अमेरिकेत जॉन पिली नावाच्या निवृत्त मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी चेझर या बॉर्डर कॉलीला 1022 खेळण्यांची नावं शिकवली, 2011 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तुला वीस पुष्कळ. दहा मिनिटं काम, आणि मग ‘बास’. एकदाच म्हणायचं, ‘बास बास बास रे’ नको. दोन्ही हात रिकामे दाखव, डबे त्याच्या डोळ्यांसमोर कपाटात ठेव, दार लाव, त्याला सतरंजीवर ने. आणि तूही बस. फोन लांब ठेव.

इथून पुढचं अवघड आहे आणि तू इथेच हार मानशील, म्हणून बजावून सांगते. तो कुंईकुंई करेल. चप्पल आणून देईल. तोंड तुझ्या मांडीखाली घालेल. ओरडायचं नाही, कुरवाळायचंही नाही, परत सतरंजीवर न्यायचं. कोपरं जमिनीला टेकवून, मान ताठ करून बसला तर ती विश्रांती समजू नकोस, तो दबाच आहे. कुल्हा एका बाजूला कलंडला, हनुवटी पंजावर आली, मोठा उसासा टाकला, की समज काम संपल्याचं त्याला पटलं. त्या आधी उठलीस तर काम तू संपवलं नाहीस, अर्ध्यावर सोडलंस. रोज हेच काम आणि रोज हेच ‘बास’. दादा ऑफिसमधून येऊन दारातच कुस्ती करतो ना, त्याला हे पत्र वाचायला दे. कुस्ती करायचीच असेल तर करू दे, पण शेवटी त्यानेही ‘बास’ म्हणून सतरंजीपर्यंत न्यायचं. आणि वहिनीला आधी शिकव. ती घाबरलेली आहे, तिचं ऐकून सिंबा सतरंजीवर गेला की तिची भीती तुझ्या दहा समजुतींपेक्षा लवकर उतरेल.

तब्येतीचं थोडक्यात. उन्हाळा म्हणून त्याचे केस भादरू नका, आतला मऊ थर कंगव्याने काढत राहा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून नेऊ नका, लेप्टोस्पायरोसिसची लस दरवर्षी चुकवू नका, फिरून आलात की कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघा. आणि हे लक्षात ठेव: कॉली वंशाच्या कुत्र्यांत एमडीआर-1 नावाच्या जनुकातला दोष आढळतो. तो असला तर खरजेसाठी मोठ्या मात्रेत दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन मेंदूपर्यंत पोचतं आणि जिवावर बेतू शकतं. बॉर्डर कॉलीत तो रफ कॉली या भाऊबंद जातीपेक्षा खूपच कमी, पण इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना विचारायला तोंड दुखत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीने कुत्र्यांना लिफ्टबंदीची नोटीस लावली म्हणालीस, तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या 2015 च्या सूचना काढून त्यांच्या हातात दे. महापालिकेचा परवाना मात्र तुझ्याकडे हवा, नाहीतर भांडायला जाऊच नकोस.

रविवारी शिवाजी पार्कला ये, सकाळी सातच्या आत. भाच्यालाही आण, सायकल घरी ठेवून. येताना सिंबाची फाईल आण. लसींच्या तारखा मला स्वतः बघायच्या आहेत, तुझ्यावर माझा विश्वास नाही.

तुझी,
मावशी