तारीख टाक

अगं,

तुझा परवाचा मेसेज रात्री परत वाचला. "ताई, मी एकटीने प्लास्टिक टाळून, दर रविवारी ओढ्यातला कचरा उचलून काय होणारे, पुढच्या रविवारी तेवढाच येतो" असं लिहिलंयस आणि खाली तो कार्बन फूटप्रिंटचा मुद्दा, म्हणजे आपल्या एकेकाच्या वागण्याने हवेत किती कार्बन जातो त्याचा हिशेब, की ही कल्पना घरोघरी पोचवली तीच मुळी एका बड्या तेल कंपनीच्या जाहिरातींनी, म्हणजे माणसं आपापल्या अपराधात गुंतून राहावीत म्हणून. खरंय, त्यावर मी वाद घालणार नाही. तू किती छान काम करतेयस वगैरेही लिहिणार नाही, ते आपण दोघी धरूनच चालू.

मला एकच विचारायचंय. त्या ओढ्यावर तू आजवर किती रविवार गेलीस? अंदाज नको, आकडा सांग. नाही ना सांगता येत? मलाही आला नव्हता.

मी नऊ वर्षं एका ओढ्यावर जात होते. वरच्या अंगाला एक कारखाना होता, मधूनच पाणी लालसर यायचं, फेस यायचा, कधी मासे उलटे होऊन तरंगताना दिसायचे, आम्ही बघायचो, संतापायचो, पोती भरायचो आणि घरी जायचो. मग एकदाची सुनावणी लागली. अधिकारी चांगला माणूस होता, त्याने शांतपणे विचारलं, लाल पाणी कोणकोणत्या तारखांना आलं? किती वाजता? कुठे उभं राहून बघितलंत? मी म्हटलं, नेहमीच येतं हो. कारखान्याच्या माणसाने फाइल उघडली, महिन्यावार तक्ता, सगळे आकडे मर्यादेच्या आत. अर्ध्या तासात विषय संपला. तो तक्ता खोटा होता असं मला आजही वाटतं, पण माझ्या वाटण्याला तिथे काय किंमत? साडेचारशेवर रविवार गेले होते मी, आणि माझ्याकडे एक तारीख नव्हती.

म्हणून कळकळीने सांगते, लिहून ठेव. जे करतेस, जे बघतेस, ते तारीख टाकून लिहून ठेव.

स्वतःचं फूटप्रिंट मोजून कंटाळलीस ना, मग ते मोजणं थांबव आणि समोरचं मोज. साधं राहा, कमी वापर, ते करायचंच, त्यावर काय बोलायचं. पण जबाबदारी म्हणजे फक्त आपले हात स्वच्छ ठेवणं असं तुझ्या डोक्यात बसलंय, आणि म्हणूनच तुला एकटीचं काम थेंबाएवढं वाटतंय. डोळ्यादेखत घडलेलं कुणाला नाकारता येऊ नये ही पण जबाबदारीच आहे आणि ती एकट्या माणसाला पेलते.

जर्मनीत क्रेफेल्ड नावाच्या शहरात हौशी कीटकप्रेमींची एक संस्था आहे. त्यांनी वर्षानुवर्षं संरक्षित जागांत एकाच पद्धतीचे सापळे लावले, सापडलेल्या किड्यांचं वजन केलं आणि लिहून ठेवलं, बस. 2017 मध्ये 63 जागांची ती वजनं एकत्र मांडली तेव्हा कळलं की 27 वर्षांत उडणारे कीटक वजनाने 75 टक्क्यांहून जास्त घटले. किडे कमी झाले असं नुसतं म्हणणारे तर आपल्याकडे प्रत्येक घरात सापडतील.

किंवा अमेरिकेतलं फ्लिंट बघ. 2014 मध्ये शहराच्या पाण्याचा स्रोत बदलला, नळाला गढूळ पाणी यायला लागलं, आणि पाणी ठीक आहे असं वरून सांगत राहिले. 2015 मध्ये रहिवाशांनीच एका विद्यापीठाच्या मदतीने अडीचशेहून जास्त घरांतले नमुने गोळा केले. कसे, ते नीट वाच. नळ किमान 6 तास बंद ठेवायचा, मग पहिलं पाणी बाटलीत, थोडं वाहू दिल्यावर दुसरी बाटली, मग तिसरी. प्रत्येक घरात तेच. पाण्यात शिसं आहे हे उघड झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शहराला जुन्या स्रोतावर परत जावं लागलं. ही शिस्त सामान्य घरांतल्या माणसांनी पाळली ग, आणि तू मला म्हणतेस की एकटीने काय होणारे!

फक्त पाण्या-हवेचंच नाही हे. आयडा वेल्स या काळ्या पत्रकार बाईने 1895 मध्ये अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या झुंडबळींचे आकडे छापले तेव्हा ते मुद्दाम गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रातून घेतले होते, म्हणजे खोटं म्हणायची सोय नको.

आणि हो, कंटाळा येणार. अंटार्क्टिकावर हॅली नावाच्या ब्रिटिश संशोधन तळावर 1956 पासून ओझोन मोजत होते, पहिली वीसेक वर्षं त्यात खळबळ माजावी असं काही नव्हतं. पण त्या वीस वर्षांमुळेच पुढची घट दिसली, 1985 मध्ये ओझोनचं छिद्र जगासमोर आलं आणि 1987 मध्ये ओझोनला मारक रसायनांना आवर घालणारा मॉन्ट्रियल करार झाला. "काही विशेष नाही" ही पण नोंद असते, ती गाळू नकोस. मी सुरुवातीला फक्त वाईट दिवस लिहायचे, ती वही निरुपयोगी ठरली.

मला माहितीये, ग्रुपमधले म्हणतात ताई आता मोर्चाला येत नाहीत, कारकुनी करत बसतात. म्हणू देत. मोर्चे मी पुष्कळ काढलेत, त्या सुनावणीच्या आधीही एक काढला होता, घोषणा देऊन घसा बसला होता आणि आत गेल्यावर सांगायला काही नव्हतं. तो दिवस मी विसरू शकत नाही. गेली अकरा वर्षं मी एकाच पुलावरून, सकाळी एकाच वेळेला पाणी बघते आणि लिहिते, आणि कुणी कितीही हिणवलं तरी हे सोडणार नाही. कदाचित मी चुकतही असेन, दोन्ही करायला हवं होतं, पण तेवढं बळ माझ्यात उरलं नाही. तू दोन्ही कर.

या रविवारी जाशील तेव्हा साधी वही ने, पेन्सिल नको, पेन. तारीख, वेळ, कुठे उभी आहेस, आदल्या दिवशी पाऊस होता का, पाण्याचा रंग, वास, जमलं तर तापमान. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला बरोबर लिही, पान फाडू नकोस. कचऱ्याचं वजन कर, पोत्यावर मोजू नकोस, पोतं कधी भरलेलं असतं कधी अर्धं. डोळ्यांनी बघितलंस ते वेगळं लिही आणि दुसऱ्याने सांगितलं ते वेगळं. जागा दर वेळी तीच.

रविवारी संध्याकाळी पहिल्या पानाचा फोटो पाठव. अक्षर कसंही असू दे.

तुझी,
ताई