वाचकांचे प्रश्न : लाडक्या गायकाचा कौल

प्रश्न : आमचं मंडळ यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ‘खान्देशचा लाडका गायक’ पुरस्कार देणार आहे. निवड जनतेच्या मतांवर करायची आहे. मतदान कसं घ्यावं म्हणजे नंतर कुणी बोट दाखवणार नाही?
(मंडळाचे कार्यकर्ते, अमळनेर)

उत्तर : तयार यादी छापून खूण करायला सांगू नका. यादीत वरच्या नावांना आयती मतं पडतात आणि सुटलेल्या गायकाचे चाहते पहिल्याच दिवशी भांडायला येतात. जागा कोरी ठेवा आणि प्रत्येकाकडून तीन नावं क्रमाने मागा. पहिल्याला 3, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1 गुण. एकच मत असलं की माणूस गाववाल्याला किंवा भाऊबंदाला देऊन मोकळा होतो. तो खरंच कुणाला ऐकतो, हे दुसऱ्या-तिसऱ्या नावात कळतं. नावापुढे त्या गायकाचं एक गाणंही लिहून घ्या. हळदीला डीजेवर वाजणारं गाणं सगळ्यांना पाठ असतं, पण म्हटलंय कुणी हे अनेकांना ठाऊक नसतं. शिवाय एकाच आडनावाचे दोन गायक असले तर गाण्यावरून उलगडा होतो.

गूगल फॉर्ममध्ये ‘एकच प्रतिसाद’ ही सोय आहे, पण ती खात्यामागे एक मत मोजते, माणसामागे नाही. एकाची पाच खाती असतात, तर घरात एकच फोन असेल तिथे आईचं, आजीचं मत राहून जातं. म्हणून सोबत छापील कूपन ठेवा. त्यावर अनुक्रमांक टाका आणि झेरॉक्स चालणार नाही असं ठळक छापा. दोन्हीकडे मोबाइल नंबर आणि पिनकोड घ्या. पिनकोड जळगाव, धुळे, नंदुरबारपुरते बांधू नका. बागलाण-मालेगावची अहिराणी माणसं आणि सुरतेत उधना-लिंबायतला राहणारे आपले लोक हीच गाणी ऐकतात.

मोजणीआधी सगळी मतं वेळेनुसार लावा. दहा मिनिटांत चाळीस मतं आली आणि सगळ्यांत तीच तीन नावं त्याच क्रमाने असली, तर तो गठ्ठा आहे असं धरा आणि त्यातल्या आठ-दहा नंबरांवर फोन करा. फोन उचलणाऱ्याला आपण मत दिल्याचंच माहीत नसेल, तर अख्खा गठ्ठा बाद. हा नियम मात्र आधीच जाहीर केलेला हवा. मतदान तीन आठवडे पुरे. चालू आकडे दाखवू नका. मागे पडलेल्याचे समर्थक शेवटच्या दोन दिवसांत बोगस मतांचा पाऊस पाडतात. मतामागे पैसे तर अजिबात नकोत. निकालात पहिल्या दहांचे गुण आणि बाद मतांची संख्या दोन्ही छापा, मग नंबरांची यादी नष्ट करा.

प्रश्न : दरवर्षी एकच गायक जिंकत राहिला तर?
(वाचक, शिरपूर)

उत्तर : जिंकेल, आणि तो कौल खराच असेल. चेकोस्लोव्हाकियात ‘म्लादी स्वेत’ या नियतकालिकाने 1962 साली वाचकांच्या मतांवर ‘झ्लाती स्लाविक’ हा गायकांचा पुरस्कार सुरू केला. कारेल गॉट यांनी तो आणि त्याचा पुढचा अवतार ‘चेस्की स्लाविक’ मिळून 42 वेळा जिंकला. तिथे गायक आणि गायिका यांचे विभाग वेगळे होते. तेवढं तुम्हीही कराच, नाहीतर गायिका मागे राहतात. त्यात नवोदितांचा एक विभाग जोडा. पावरी आणि भिली या आदिवासी बोलींतल्या गाण्यांनाही स्वतंत्र विभाग द्या, कारण अहिराणीच्या मतदारसंख्येपुढे त्यांचा टिकाव लागणार नाही. सलग तीन वेळा जिंकणाऱ्याला सन्मानाने स्पर्धेबाहेर ठेवायचं असेल, तर ते पहिल्याच वर्षी नियमांत लिहा. नंतर घातलेला नियम त्याच माणसाविरुद्ध वाटतो.

प्रश्न : यूट्यूबचे व्ह्यूज समोर असताना मतदान कशाला?
(वाचक, शहादा)

उत्तर : व्ह्यूज गाण्याचे असतात, आणि जाहिरात देऊनही वाढवता येतात. म्हणूनच यूट्यूबने 2019 मध्ये आपल्या संगीत क्रमवारीतून जाहिरातीचे व्ह्यूज वगळले. एका घरात तेच गाणं शंभरदा लागलं तरी आकडा चढतो. कौल घेताना त्या घरातल्या चौघांची चारच मतं पडतात.