रेन ट्री तोडायचं का?

प्रश्न: आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत गेटपाशी जुनं रेन ट्री आहे. उन्हाळ्यात शेंगा पडून गाड्यांवर चिकटतात, म्हणून अर्धे मेंबर म्हणतायत तोडून टाका, तसंही विलायती झाड, काय उपयोग त्याचा? खरंच काही उपयोग नाही का?

उत्तर: विलायती आहे हे खरंय, मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, पण उपयोग नाही हे कोणी सांगितलं बुवा? भर दुपारी त्याच्याखाली गाडी लावायला कोण भांडतं ते बघा आधी. संध्याकाळ झाली किंवा आभाळ भरून आलं की पानं मिटतात, त्यामुळे पाऊस बराचसा थेट खाली पडतो. ज्या शेंगेवरून वाद चाललाय ती एक मोडून बघा, आत काळपट, गोडसर, चिकट गर असतो आणि गुरं, शेळ्या तो मिटक्या मारत खातात, तेव्हा जवळपास गोठा असेल तर विचारा, पोती भरून नेतील. पानं शेंगवर्गीय झाडाची, खत मस्त होतं, जाळू नका. थायलंडमध्ये याच झाडावर लाखेचे किडे पोसतात, लाकडाचे कोरीव वाडगे, ताटं तिकडे आणि फिलिपिन्समध्ये करतात. आणि हिताचीच्या जाहिरातीतलं ते छत्रीसारखं झाड माहितीये ना, होनोलुलूतल्या बागेतलं, ते पण हेच, त्याचं चित्र वापरायला कंपनी बागेला पैसे मोजते आणि आपण फुकटातलं तोडायला निघालोय!

बरं, नुसता सोसायटीचा ठराव करून ते तोडता येत नाही, 1975 च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडून परवानगी लागते.

त्यापेक्षा बुंध्याशी जाऊन बघा. पेव्हर ब्लॉक खोडाला घट्ट भिडवलेत का? असतील तर आधी ते काढा, चांगलं मोठं आळं मोकळं करा, मुळांना पाणी-हवा मिळायला नको का? फांद्यांवर पांढरा कापसासारखा थर दिसला तर तो पिठ्या ढेकूण, मुंबईतली कितीतरी रेन ट्री त्याच्यापायी वाळली, तेव्हा वेळीच माळ्याला दाखवा. वाळकी फांदी पावसाआधी उतरवा, कारण वादळात याच्या फांद्या मोडतात. गाड्यांना शेंगा पडायच्या दिवसांत कव्हर घाला, झालं.

नवीन रेन ट्री लावायचं मात्र मी सुचवणार नाही, पसारा फार, छोट्या कंपाउंडमध्ये फांद्या थेट खिडक्यांत येतात. तिथे करंज लावा नाहीतर बहावा.