साडेसोळा की अठरा? सिंगापूरच्या एनएसमधला (सक्तीच्या लष्करी सेवेतला) वयाचा घोळ

मुलगा पंधराचा आहे, आमच्या अर्जावरच त्याचाही पीआर (कायमचा रहिवास) झालाय, साडेसोळाला त्याला सैन्यात नेतात हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. नाही नेत. साडेसोळाला येतं ते नोंदणीचं बोलावणं. भरती अठरा पूर्ण झाल्यावर. आमच्याकडे ते पत्र आलं तेव्हा मुलाच्या आजीने पुण्याहून फोनवर रडारड केली होती, म्हणून तुमची धाकधूक कळते.

घोळ कायद्यातूनच सुरू होतो. 1970 चा एन्लिस्टमेंट अ‍ॅक्ट (लष्करभरतीचा कायदा) साडेसोळापासून लागू होतो, सक्तीची दोन वर्षं मात्र अठराच्या आत सुरू होत नाहीत. मुलालाच लवकर जायचं असेल आणि आईवडिलांनी लेखी संमती दिली, तर साडेसोळानंतर घेतात. बालसैनिकांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला सिंगापूरने 2008 मध्ये मान्यता दिली, तेव्हाही स्वेच्छाभरतीचं किमान वय हेच कळवलं. (आपल्या एनडीएतही मुलं साडेसोळाला खडकवासल्याला दाखल होतात, तेव्हा नाकं मुरडायचं कारण नाही.)

तुम्ही खरं तर तेराची काळजी करायला हवी होती. तेरानंतर सलग तीन महिने किंवा जास्त देशाबाहेर राहायचं तर एक्झिट परमिट (बाहेर राहण्याची सरकारी परवानगी) लागतं. तेरा ते साडेसोळा या वयात मुक्काम दोन वर्षं किंवा त्याहून मोठा असेल तर बाँडही (पैशांची हमी) द्यावा लागतो: 75,000 सिंगापूर डॉलर किंवा दोघा पालकांच्या वार्षिक उत्पन्नाच्या निम्मी रक्कम, जी जास्त असेल ती. 'बारावी भारतात करू दे' म्हणून पोराला आजोळी धाडणारे नेमके इथे अडकतात. परमिटशिवाय बाहेर राहिलं तर कायद्यात 10,000 डॉलरपर्यंत दंड, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आहे.

पीआर सोडून द्या, हा सल्ला गणपतीच्या आरतीनंतर प्रसादासोबत मिळतोच. सोडता येतो. पण सेवा न करता सोडला, तर पुढे मुलाने इथे शिक्षण, नोकरी किंवा पीआरसाठी अर्ज केला की ते त्याच्या विरोधात जातं. तुम्ही मुख्य अर्जदार म्हणून सेवेतून सुटलात, तो नाही.

शिक्षणासाठी मुदत मिळते, पण ज्युनियर कॉलेज किंवा पॉलिटेक्निकपर्यंतच. विद्यापीठाची जागा आधी मिळवायची आणि सेवेनंतर जायचं, असाच इथला रिवाज आहे.

भरतीच्या दिवशी घरच्यांनाही बोटीने टेकोंग या लष्करी प्रशिक्षणाच्या बेटावर नेतात, तिथल्या मेसमध्ये जेवूही घालतात. आमचे चिरंजीव शाकाहारी असल्याचं आधी कळवायला विसरले होते. तुम्ही विसरू नका.