वर्धा–यवतमाळ रोजचं येणं-जाणं: आधी एवढंच पाहा

ताई, नोकरी लागली, अभिनंदन! एसटीनं रोज जाणं जमतं, घाबरू नका.

नवीन माणूस आधी पासच्या खिडकीवर धावतो. तुम्ही धावू नका. मासिक पासात वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवस प्रवास होतो, खरं आहे. पण 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तरी तुम्हाला तेरा दिवसांचंच भाडं पडतं. पास तुमच्या यजमानांना परवडेल.

दुसरं, फलकावर नुसतं 'यवतमाळ' वाचून चढू नका. साधी गाडी हात दाखवला की थांबते; देवळी, कळंब करत रमतगमत जाते. ड्यूटीची वेळ असेल तर कंडक्टरला आधी विचारा, "जलद आहे का?"

- परतीच्या शेवटच्या दोन गाड्या चौकशी खिडकीवर विचारून ठेवा. शेवटचीच्या भरवशावर राहायचं नाही, ती रद्द झाली की मग काळीपिवळी शोधा.
- सुट्टे पैसे ठेवा. यूपीआय चालतं, पण रेंज गेली की कंडक्टरची कटकट ऐका.
- खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे भेटतील. वाद घालू नका, मागची सीट पाहा.

उन्हाळ्यात सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना, दोन्ही वेळा ड्रायव्हरच्या बाजूला बसा. ऊन डावीकडून येतं. मे महिन्यात कळेल बाप्पा!

आरक्षण, शिवशाही वगैरे नंतर पाहू. आधी पंधरा दिवस एकच गाडी धरा, कंडक्टर ओळखू लागेल.